नाला नदीला मिळतो तिथून पुढे: गोदावरीतल्या प्रदूषणाचं मॉडेल बसवण्याची पद्धत

दर उन्हाळ्यात पर्यावरण अभियांत्रिकीच्या मुलांचे आणि काही नागरिक गटांचे नाशिकच्या गोदावरीवरचे अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. मेहनत खरी असते. पण नाल्याच्या तोंडापासून शे-दीडशे मीटरवर, त्याच काठावर उभं राहून बाटली भरलेली असते आणि तो आकडा ‘नदीचा’ म्हणून मॉडेलमध्ये, म्हणजे प्रदूषण पुढे कसं जाईल याच्या गणिती हिशेबात, घातलेला असतो. मग आलेख जुळेना म्हणून गुणांक ओढूनताणून बसवले जातात. अशा मॉडेलवरून एखादा नाला वळवायचा की नाही हे ठरतं, म्हणून ही चूक मला सोडून देता येत नाही.

कामाचा क्रम असा: पाणी किती, ते कुठे एकजीव होतं, पुढच्या ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो आणि वाटेत काय कुजतं. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. खालचे हिशेब एकाच मानलेल्या उदाहरणावर केले आहेत. ते आकडे गोदावरीचे समजून उचलू नका, पद्धत उचला.

१. पट्टा आणि प्रश्न ठरवा

‘गोदावरीचं मॉडेल’ असं काही नसतं. आनंदवल्ली ते रामकुंड हा एक प्रश्न, तपोवन ते दसक-पंचक हा दुसरा, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यापर्यंत (बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यापर्यंत) जायचं तर तिसरा. वाटेत दारणा मिळते आणि हिशेब बदलतो. पट्ट्याची वरची हद्द नाल्याच्या तोंडावर घेऊ नका; नाल्याचा काहीही परिणाम नाही अशा ठिकाणी, वरच्या बाजूला घ्या.

प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. उदाहरणार्थ: ‘मे महिन्यात धरणातून विसर्ग नसताना टाकळीच्या खाली विरघळलेला प्राणवायू ५ मिग्रॅ/लिटरच्या खाली जातो का?’ आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ किंवा त्याहून कमी आणि प्राणवायू ५ किंवा त्याहून जास्त असा आहे, त्यामुळे तुलना त्याच्याशीच करा.

२. एककं आधी एका जागी आणा

नाशिकमध्ये धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद) सांगतात, मलजल केंद्राचा एमएलडीमध्ये (दशलक्ष लिटर प्रतिदिन), प्रयोगशाळा मिग्रॅ/लिटरमध्ये. या तिघांची खिचडी झाली की उत्तर दहापट चुकतं आणि कळतही नाही. सगळं घनमीटर प्रति सेकंदात आणा:

१ घनमीटर प्रति सेकंद = ३५.३ क्युसेक = ८६.४ एमएलडी

प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात आणि प्रमाण मिग्रॅ/लिटरमध्ये असेल, तर दोहोंचा गुणाकार थेट ग्रॅम प्रति सेकंद येतो. हा ‘भार’ सगळ्या हिशेबाचा कणा आहे.

सावधान: बातमीतला विसर्ग नदीपात्रात सोडलाय की कालव्यात, हे जलसंपदा विभागाकडून विचारून घ्या. कालव्यात सोडलेलं पाणी तुमच्या नाल्याला विरळ करत नाही.

३. प्रवाह मोजा, अंदाज करू नका

आपण नाशिककर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते बघायला गर्दी करतो. प्रदूषणासाठी मात्र सगळ्यात कमी पाण्याचा दिवस महत्त्वाचा, आणि त्या दिवशी प्रवाह मोजायला सहसा कुणी जात नाही. गंगापूर धरणाच्या खाली, विसर्ग बंद असताना, पात्रातलं पाणी बरंचसं नाल्यांचं आणि केंद्रांतून सुटलेलंच असतं.

नदीसाठी: सरळ, एकसारखा पट्टा निवडा. दोरीवर रुंदीचे वीसेक भाग पाडा. प्रत्येक भागात खोली मोजा आणि वेगमापकाने वेग घ्या. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एकच वाचन पुरतं. खोल असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर दोन वाचनं घेऊन सरासरी काढा. वेगमापक नसेल तर संत्रं सोडा. ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेगाच्या जवळ पोचता.

नाल्यासाठी: नाला खडबडीत, प्लास्टिकने भरलेला आणि उथळ असतो, तिथे वेगमापक चालत नाही. साधं मीठ वापरा. दोन किलो मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवा, एका झटक्यात ओता, आणि खाली पन्नासेक मीटरवर कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) मोजणारा मीटर धरून दर पाच सेकंदांनी आकडा लिहा. आकडा चढतो, उतरतो आणि मूळ पातळीवर परत येतो. तो परत येईपर्यंत हलू नका.

प्रवाह = मिठाचं वजन ÷ (वाढलेल्या मिठाच्या प्रमाणाची वेळेनुसार बेरीज)

२,००० ग्रॅम मीठ आणि बेरीज ८,००० मिग्रॅ-सेकंद/लिटर आली तर प्रवाह ०.२५ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे २१.६ एमएलडी. कंडक्टिव्हिटीवरून मीठ काढताना १ मिग्रॅ/लिटरला साधारण २ मायक्रोसिमेन्स/सेंमी धरतात. पण त्याच नाल्याच्या पाण्यात मोजून मीठ टाकून हा गुणांक स्वतः काढा. दहा मिनिटांचं काम आहे. रंग टाकून मोजण्याचा मोह घाटांच्या जवळ टाळा, आणि मीठही टाकण्याआधी परवानगी घ्या.

तपासणी: नाल्याच्या वर आणि खाली नदीचा प्रवाह मोजा. दोहोंतला फरक नाल्याच्या प्रवाहाशी जुळतो का? नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. विसर्ग वाढणार आहे का, ते त्याच सकाळी विचारा. नाल्यात हातमोजे आणि गमबूट याशिवाय पाय नको.

४. पाणी कुठे एकजीव होतं ते काढा

इथेच सगळ्यात जास्त चुकतं. मिश्रणाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

मिश्रणानंतरचं प्रमाण = (नदीचा भार + नाल्याचा भार) ÷ दोन्ही प्रवाहांची बेरीज

मानलेलं उदाहरण: नदी ३ घनमीटर प्रति सेकंद, बीओडी ३; नाला ०.२५, बीओडी ६०. उत्तर (९ + १५) ÷ ३.२५ = ७.४ मिग्रॅ/लिटर. हिशेब बरोबर आहे. पण हा आकडा नदीत सापडतो कुठे?

नाला काठाला मिळतो आणि काठाला चिकटूनच वाहतो. तळापर्यंत तो लगेच मिसळतो, कारण नदी उथळ आहे. समोरच्या काठापर्यंत मिसळायला मात्र फार लांबी लागते:

मिश्रण-लांबी = ०.४ × वेग × रुंदी × रुंदी ÷ आडवा मिश्रण-गुणांक

आडवा गुणांक = ०.६ × खोली × घर्षण-वेग (तळाच्या घर्षणाने पाणी किती घुसळतं त्याचं माप), आणि घर्षण-वेग = √(९.८१ × खोली × उतार). रुंदी ४० मीटर, खोली ०.६ मीटर, वेग ०.१३५ मीटर प्रति सेकंद, उतार ०.०००५ घेतला तर घर्षण-वेग ०.०५४, गुणांक ०.०१९५ आणि मिश्रण-लांबी ४.४ किलोमीटर येते. नाला पात्राच्या मधोमध सोडला असता तर ०.४ च्या जागी ०.१ घालायचं, म्हणजे १.१ किलोमीटर. ०.६ हा आकडा वळणावळणाच्या नदीचा आहे; सरळ, बांधलेल्या पात्रात तो ०.१५ च्या आसपास उतरतो आणि लांबी चौपट होते. घाटांमध्ये काँक्रीटच्या काठांत वाहणाऱ्या नदीला हे लागू पडतं.

माझं स्वतःचं पहिलं मोजमाप याच जागी फसलं होतं. नासर्डी मिळते त्याच्या खाली मी आठवडाभर उजव्या काठावर नमुने घेतले, कारण तिथे उतरायला वाट होती. एका सकाळी मित्राने पलीकडून कंडक्टिव्हिटी घेतली आणि फोनवर आकडा सांगितला. माझ्या वाचनाच्या जवळजवळ निम्मा होता. आमच्यामध्ये जेमतेम चाळीस-पन्नास मीटर पाणी होतं. आठवड्याचे नमुने बाद करावे लागले.

तपासणी: मीटर घेऊन काठापासून काठापर्यंत पाच ठिकाणी वाचनं घ्या. ती एकमेकांपासून पाच टक्क्यांच्या आत आली तरच पाणी एकजीव झालं. वाटेत बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर मिश्रण सूत्रापेक्षा लवकर होतं, म्हणून मोजल्याशिवाय सूत्रावर विसंबू नका.

५. नमुने: कुठे, केव्हा, कसे

एकजीव होण्याच्या आधी नमुना घ्यायचाच असेल तर रुंदीवर किमान तीन ठिकाणी घ्या आणि त्या-त्या भागातल्या प्रवाहाच्या प्रमाणात सरासरी काढा. सरसकट सरासरी चालत नाही.

नाल्याचा एकच नमुना कधीच घेऊ नका. टाकळीच्या बाजूला धुणं धुणाऱ्या एका मावशींनी मला सांगितलं होतं, “दादा, तुम्ही दुपारी येता, तेव्हा निवळ असतं. काळं पाणी सकाळी येतं, पोरं शाळेत गेल्यावर.” दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बसलो आणि त्यांचं म्हणणं तंतोतंत निघालं. घराघरातली सकाळची आंघोळ, संडास, भांडी हे पाणी नळीतून नाल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. चोवीस तास, दर दोन तासांनी नमुना आणि त्याच वेळी प्रवाह. मग प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेला एक नमुना. हे जमत नसेल तर निदान सकाळचा आणि दुपारचा वेगळा ठेवा.

खाली जाताना वेळेचा हिशेब सांभाळा. वेग ०.१३५ असताना पाच किलोमीटरला दहा तासांहून जास्त लागतात. सकाळी आठला नाल्यावर आणि नऊला पाच किलोमीटर खाली नमुना घेतला तर ते दोन वेगळ्या दिवसांचं पाणी आहे.

प्राणवायूची बाटली भरायची पद्धत नीट शिकून घ्या. नळी तळापर्यंत न्या, पाणी हळू सोडा, बाटली दोन-तीनदा भरून वाहू द्या, मग तिरकं झाकण सरकवा. उलटी करून उजेडात धरा. बुडबुडा दिसला, अगदी मोहरीएवढा, तरी ओतून पुन्हा भरा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढरा बसला तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. तो पांढरा साका पहिल्यांदा पाहिला की नदीकडे बघण्याची नजर बदलते.

सावधान: प्राणवायू फक्त दुपारी मोजू नका. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर वापरतं. खरी सगळ्यात कमी पातळी पहाटे, उजाडण्यापूर्वी असते.

६. मीठ-हिशेब जुळवा

बीओडीकडे जाण्याआधी क्लोराइडचा (मिठातल्या घटकाचा) हिशेब मांडा. क्लोराइड कुजत नाही, उडत नाही, तळाशी बसत नाही. त्यामुळे तो जुळला नाही तर दोष जीवशास्त्रात नाही, तुमच्या पाण्याच्या मोजणीत आहे.

समजा वरून ३ घनमीटर × २० = ६० ग्रॅम प्रति सेकंद, नाल्यातून ०.२५ × १०० = २५. खाली (६० + २५) ÷ ३.२५ = २६ मिग्रॅ/लिटर यायला हवं. प्रत्यक्षात ३२ मोजलं तर भार १०४ होतो, म्हणजे १९ ग्रॅम प्रति सेकंद कुठूनतरी येतायत. एवढ्या भाराचा, न मोजलेला नाला काठाने कुठेतरी आहे. चालत जा, शोधा. पंचवटीत वाघाडीसारखा सगळ्यांना माहीत असलेला प्रवाह राहत नाही. पुलाखालची, झुडपांमागची नळी राहते.

७. वेळ आणि लांबीने पसरणं

सतत वाहणाऱ्या नाल्याला या टप्प्याची गरज कमी. टँकर रिकामा केला, टाकी फुटली, अशा अचानक घटनेसाठी मात्र हाच टप्पा मुख्य. सांडलेल्या पदार्थाचा डाग पुढे सरकतो आणि लांबीने पसरतो, कारण मधलं पाणी पळतं आणि काठाचं रेंगाळतं. फिशरच्या सूत्राने पसरण-गुणांक ०.०११ × वेग² × रुंदी² ÷ (खोली × घर्षण-वेग), आपल्या उदाहरणात साधारण १० चौ. मीटर प्रति सेकंद.

शिखर-प्रमाण = वस्तुमान ÷ (काटछेद × √(४ × π × गुणांक × वेळ))

५० किलो पदार्थ सांडला, काटछेद (रुंदी × खोली) २४ चौ. मीटर. दहा किलोमीटर खाली शिखर पोचायला २०.६ तास, शिखर ०.६८ मिग्रॅ/लिटर, आणि डाग पूर्ण ओलांडायला, शिखराच्या आधीचे आणि नंतरचे मिळून, साधारण १० तासांचा पट्टा. खालच्या गावाला पाणी उपसणं कधी थांबवायचं हे यातूनच सांगता येतं, म्हणून शिखराच्या वेळेबरोबर सुरुवातीची वेळही द्या. शिखराच्या पाच तास आधी डाग पोचायला लागलेला असतो.

डोह, पाणवेलींचे पट्टे, कुंडांचे कोपरे पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. त्यामुळे खरी शेपूट सूत्रापेक्षा लांब असते. सूत्राचा गुणांक दोन-तीनपट चुकणं नेहमीचं आहे. दोन्ही टोकांचे आकडे घालून पाहा.

८. कुजणं आणि प्राणवायू

आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर ३ दिवस मोजतात. परदेशी सॉफ्टवेअर बहुधा २० अंशांवर ५ दिवस गृहीत धरतं. प्रयोगशाळेचा आकडा आधी अंतिम बीओडीत (सगळं कुजेपर्यंत लागणाऱ्या प्राणवायूत) बदला. २७ अंशांना कुजण्याचा दर रोजचा ०.३१७ धरला तर ३ दिवसांत ०.६१४ हिस्सा कुजतो, म्हणून ७.४ ÷ ०.६१४ = १२ मिग्रॅ/लिटर. ही पायरी सुटली तर नदीवरचा भार तुम्ही दोन-पंचमांशाने कमी दाखवता.

१९२५ सालचं स्ट्रीटर आणि फेल्प्सचं समीकरण अजूनही पहिल्या अंदाजासाठी पुरतं: कुजण्याने प्राणवायू जातो, हवेतून परत येतो. परत येण्याचा दर वेग आणि खोलीवर ठरतो: रोज ३.९३ × √वेग ÷ खोली^१.५. वाहत्या उथळ पट्ट्यात (वेग ०.१३५, खोली ०.६) तो २० अंशांवर ३.१ येतो. तेच पाणी बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात २.५ मीटर खोल आणि ०.०३२५ वेगाने सरकू लागलं की दर ०.१८ वर येतो. सतरावा हिस्सा.

उदाहरण पुढे नेऊ. २८ अंश तापमान, नदीतला कुजण्याचा दर (बाटलीतल्या दराहून वेगळा) रोज ०.४३, नाशिकच्या उंचीवर पाण्यात विरघळू शकणाऱ्या प्राणवायूची कमाल साधारण ७.३, सुरुवात ६ वर. उथळ वाहत्या एक किलोमीटरमध्ये प्राणवायू ६ च्या आसपासच राहतो. फुगवट्याच्या एक किलोमीटरमध्ये पाणी साडेआठ तास रेंगाळतं आणि प्राणवायू साडेचारच्या खाली येतो. नाला तोच, बीओडी तोच. म्हणून ‘पाणी अडवलं की नदी भरलेली दिसते’ या युक्तिवादाला हा हिशेब दाखवा. वर पाणवेलींचं आच्छादन असेल तर हवेशी संपर्क आणखी तुटतो, आणि तळाचा गाळही प्राणवायू ओढतो. तो आकडा वेगळा घाला.

तापमानाची दुरुस्ती दोन्ही दरांना करा: कुजण्याला दर अंशामागे १.०४७, हवेतून येण्याला १.०२४. समुद्रसपाटीचं कमाल प्रमाण वापरू नका. आपण साडेपाचशे मीटरच्या वर आहोत आणि ते इथे सहा-सात टक्क्यांनी कमी असतं.

२०२७ च्या सिंहस्थाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी: मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात. तेव्हा प्रवाह मोठा असतो आणि बीओडी पटकन विरळ होतो. चिंता कोलिफॉर्मची (मैलापाण्यातल्या जिवाणूंची) असते. त्यासाठी उन्हाळ्याचं मॉडेल जसंच्या तसं वापरू नका.

९. आता सॉफ्टवेअर

वरचं सगळं स्प्रेडशीटमध्ये जुळलं असेल तरच क्वाल-२के किंवा हेक-रास ही नदीच्या मॉडेलची सॉफ्टवेअर उघडा. दोन्ही मोफत मिळतात. पट्टा एकसारख्या तुकड्यांत तोडताना फुगवटा आणि वाहता भाग एका तुकड्यात कधीच घालू नका.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी तुकड्याची लांबी तपासावी. साध्या मागल्या-फरकाच्या पद्धतीत गणिताचं स्वतःचं खोटं पसरणं येतं, जास्तीत जास्त (वेग × लांबी ÷ २) इतकं. ५०० मीटरचे तुकडे घेतले तर ते ३४ चौ. मीटर प्रति सेकंदापर्यंत जातं आणि खरं पसरणं आहे १०. तुमचा डाग नदीने नाही, कोडने पसरवलेला असतो. ५० मीटर घ्या, ते ३.४ च्या खाली राहतं. आणि एका पायरीत पाणी एका तुकड्याच्या पुढे जाणार नाही एवढीच वेळेची पायरी ठेवा.

१०. जुळवणी आणि पडताळणी

जुळवायचा क्रम: आधी प्रवाह आणि पोचण्याची वेळ, मग क्लोराइड, मग बीओडी, शेवटी प्राणवायू. पुढचा आकडा जुळावा म्हणून मागचा बदलायचा नाही. एप्रिलच्या मोजणीवर गुणांक बसवलेत तर मेच्या किंवा डिसेंबरच्या मोजणीवर, गुणांकांना हात न लावता, मॉडेल चालवून पाहा.

तिथे फरक मोठा आला तर कुजण्याचा दर फिरवत बसू नका. टप्पा ३ ला परत जा, मीठ आणि मीटर घेऊन नाल्यावर उभे राहा. माझ्या अनुभवात दर चारपैकी तीन वेळा चूक प्रवाहातच सापडली आहे.

अहवालात एकच आकडा लिहू नका. प्रवाह, कुजण्याचा दर आणि नाल्याचा बीओडी कमी-जास्त करून येणारी खालची आणि वरची मर्यादा लिहा, आणि विसर्ग शून्य असतानाचं उत्तर वेगळ्या ओळीत द्या. आपल्या उदाहरणात वरचं सगळं पाणी धरणाचंच मानलं, तर त्या ओळीत नदीचा बीओडी ६० येतो, कारण तेव्हा तिथे नाल्याशिवाय दुसरं पाणीच उरत नाही.